नहपानाचं नाक आणि पडीक शेत

शुक्रवार

कसाऱ्याला गाडी थांबली, मागून इंजिनं जोडली गेली आणि थळ घाटाची चढण सुरू झाली. बोगद्यांत फोनची रेंज जाते. भाच्याने फोन खिशात टाकला आणि विचारलं, “आत्या, तुझ्या मते पुढची महासत्ता कोण?”

तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच्या वहीत रोम, स्पेन, ब्रिटन, अमेरिका, चीन अशी नावं बाणांनी जोडलेली आहेत. मी कल्याणच्या महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि असे बाण फळ्यावर मीही काढते. पण त्या तक्त्यात शेत कुठेच नसतं, विणकर नसतात, सावकार नसतो. सत्ता ज्यांच्या जिवावर उभी राहते ती माणसं बघायची तर नाशिकसारखी जागा नाही, असं माझं जुनं मत आहे. म्हणून त्याला घेऊन निघाले.

हा घाटच बघा. रेल्वे इथून 1 जानेवारी 1865 रोजी सुरू झाली. काम त्याआधीच काढलेलं होतं, पण पुरं झालं ते नेमकं अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटच्या वर्षात. त्या युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. त्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. खानदेशातल्या शेतकऱ्याने ना ते युद्ध पाहिलं होतं, ना ती गिरणी. त्याचं नशीब मात्र दोन्हींकडून ठरलं.

मुक्काम दादाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे. त्याची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे, पण मुलांच्या शाळेसाठी घर नाशकात केलंय. संध्याकाळी त्याने आम्हाला सराफ बाजारात त्याच्या ओळखीच्या एका नाणेसंग्राहक काकांकडे नेलं. काकांनी मखमलीच्या पेटीतून एक चांदीचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नखापेक्षा थोडं मोठं, वजन जेमतेम दोन ग्रॅम.

हे नहपानाचं नाणं. क्षहरात घराण्यातला हा शक क्षत्रप, म्हणजे सुभेदार-राजा. गुजरातपासून नाशिक-जुन्नरपर्यंत त्याचा अंमल होता. नाण्यावर त्याचा उजवीकडे बघणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. मागे बाण आणि वज्र, आणि नाव ब्राह्मी व खरोष्ठीत. एकाच नाण्यावर तीन लिप्या! पण काकांनी भिंग दिलं तेव्हा वेगळंच दिसलं. नहपानाचं नाक आणि ओठ स्पष्ट आहेत, आणि गालावरून कमानी-कमानींचा एक डोंगर चढलाय. डोंगराखाली नागमोडी रेघ. कडेला ब्राह्मीत सातकर्णीचं नाव. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावर त्याची नाणी वितळवली नाहीत. तीच गोळा करून त्यांवर आपला ठसा मारला.

हे एकट्यादुकट्या नाण्याचं नाही. 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात 13,000हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या 9,000हून जास्त नाण्यांवर असा दुहेरी ठसा होता.

भाचा भिंग सोडेना. “वितळवायला काय झालं होतं?” काका म्हणाले, “अहो, वितळवलं तर चांदी राहील. ठसा मारला तर बाजारात रोज लोकांना दिसेल कोण गेला आणि कोण आला ते.” मला यात अजून एक गोष्ट दिसते. नव्या राजाला जुन्या राजाचा बाजार मोडायचा नव्हता. तो चालता हवा होता, फक्त आपल्या नावाने.

शनिवार

सकाळी लवकर पांडवलेणी चढलो. इथल्या 24 लेण्यांमधली बहुतेक बघण्यासारखी आहेत, पण आम्ही दिवसभर दोनच लेण्यांत होतो, दहाव्या आणि तिसऱ्या.

दहावं लेणं नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून दिलं. व्हरांड्यात भिंतीवर त्याचे लेख आहेत. दानांची यादी मोठी आहे: 3 लाख गायी, 16 गावं, नदीवर घाट, उतारूंसाठी होड्या. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ठेवीचा लेख. त्याने भिक्षुसंघासाठी 3,000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, दिली आणि ती गोवर्धनच्या, म्हणजे इथल्याच, विणकरांच्या श्रेणींकडे, त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, गुंतवली. एका श्रेणीकडे 2,000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणं चिवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. भाच्याने तिथल्या तिथे हिशेब केला: 2,000वर वर्षाचं व्याज 240, आणि 20 गुणिले 12 म्हणजेही 240. पै न पै जुळली. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवला आणि नोंदवला, असंही लेखात आहे.

म्हणजे बघा, परदेशातून आलेलं एक लढाऊ घराणं इथे राज्य करतं, पण त्याच्या दानाला टिकाऊपणा येतो तो नाशिकच्या विणकरांच्या पतीमुळे. राजाचा जावई मागावर बसणाऱ्यांकडे पैसे ठेवतो, कारण घराणं उद्या असेल-नसेल, श्रेणी असणार हे त्यालाही ठाऊक आहे. आणि तसंच झालं. शक गेले, सातवाहन आले, तेही गेले, आभीर आले. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली, तीही श्रेणींकडेच: कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे, तेली. तो लेख याच दहाव्या लेण्यावर आहे. तीन राजवटी उलटल्या तरी ठेव ठेवायची पद्धत जशीच्या तशी राहिली.

तिसरं लेणं गौतमी बलश्रीचं, गौतमीपुत्राच्या आईचं. जोत्यापाशी यक्षांच्या मोठमोठ्या मूर्ती आहेत. अर्धे जमिनीत रुतलेले, खांद्यावर तुळया घेतलेले, गाल फुगलेले. सगळं लेणं पालखीसारखं उचलून धरलंय त्यांनी. वर दगडात राजमातेचा लेख: माझा मुलगा शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं तो. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, मुलाच्या पश्चात, तिने हे कोरवलं. त्याच लेखात ती स्वतःला सत्य, दान, क्षमा आणि अहिंसेत रमलेली म्हणवते. एका लेखात वंशनाश आणि अहिंसा दोन्ही. साम्राज्यं नेहमी अशीच बोलतात. आपल्या लढाईला धर्म म्हणतात आणि तसं मनापासून मानतातही. बलश्रीच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. तरी ‘निःशेष’ हा शब्द वाचताना जो काटा येतो तो येतोच.

मला भाच्याला दाखवायचे होते ते मात्र तिच्या लेखाशेजारचे लहान लेख, गौतमीपुत्राच्या सरकारी हुकमांचे. राज्याच्या अठराव्या वर्षी विजयी छावणीतून राजा गोवर्धनचा अमात्य, म्हणजे अधिकारी, विष्णुपालित याला कळवतो: पश्चिम कखडी गावातलं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजवर उषवदात उपभोगत होता, ते आम्ही या डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत. लढाई नुकतीच जिंकलीय, सैन्य अजून तळावर आहे, आणि पहिल्या कामांपैकी एक काम काय, तर शत्रूच्या जावयाचं शेत दुसऱ्याच्या नावावर करणं. नाण्यावर ठसा तसा सातबाऱ्यावर ठसा.

आणि मग चोविसाव्या वर्षाचा हुकूम. आता राजाबरोबर राजमाताही बोलतेय, अमात्य श्यामक आहे. त्या म्हणतात: कखडीतलं शेत आम्ही दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसलेलं नाही. म्हणून त्याऐवजी शहराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली 100 निवर्तनं द्या.

तीन समुद्रांचं पाणी पिणारे घोडे, आणि सहा वर्षांत एक गाव ओसाड. का ओसाड पडलं ते लेखात नाही. लढाईच्या वाटेवरचं गाव उठायला दुसरं कारण फारसं लागत नाही, असं मला वाटतं. पराभूत राजाचं नाव इतिहासात राहिलं, विजेत्याचं राहिलं, त्यांच्या आया-बायकांचंही राहिलं. कखडीतून उठून गेलेल्या माणसांबद्दल एवढी एकच ओळ आहे, तीही शेत पडीक पडल्यामुळे हुकूम बदलावा लागला म्हणून. भाच्याने ती ओळ वहीत उतरवून घेतली. मला फार बरं वाटलं.

खाली उतरताना त्याला कल्याणची गोष्ट सांगितली. याच काळात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्री वाटांच्या टिपणात असं आहे की, कल्याण बंदरात उतरणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात शकांच्या भडोचला नेली जातात. आपल्या ताब्यातलं बंदर चालावं म्हणून दुसऱ्याच्या बंदराची कोंडी. नाशिकवर हक्क कोणाचा हे भांडण एका शहरापुरतं नव्हतंच. किनाऱ्याहून घाट चढून देशावर येणाऱ्या मालाची ती वाट होती. आणि ठसा मारून भांडण मिटलंही नाही. 150च्या सुमारास दुसऱ्या घराण्यातला शक राजा रुद्रदामन जुनागढच्या खडकावर कोरून सांगतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, नातं जवळचं म्हणून मुळासकट उखडलं नाही.

रविवार

सकाळी आनंदवल्ली. गोदावरीकाठी नवश्या गणपतीला गर्दी होती. राघोबादादा आणि आनंदीबाईंशी जोडलेली ही जागा. आनंदीबाईंचे शेवटचे दिवस इथेच गेले. याच राघोबादादांच्या नेतृत्वाखाली 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. आपण ते अभिमानाने सांगतो. त्याच राघोबादादांनी 6 मार्च 1775 रोजी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पेशवाई मिळावी म्हणून साष्टी आणि वसई देऊ केली. सतरा वर्षांत एवढी घसरण. मोठी सत्ता बाहेरच्याने पाडायच्या आधी घरातलाच कोणी बाहेरच्याला उंबरठ्याच्या आत घेतो, हे जगात पुन्हा पुन्हा दिसतं.

पण मी भाच्याला दुसरंही सांगितलं, आणि ते प्रत्येक मराठी शिक्षकाने सांगावं असं मला वाटतं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1740च्या दशकात बंगालवर वर्षामागून वर्ष चालून गेल्या. तिथे बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार, आणि त्यांची भीती बंगाली अंगाईत अजून आहे. आपण नेहमी नहपानाच्या जागी नव्हतो, कधी सातकर्णीच्याही जागी होतो. अटकेचा अभिमान बाळगावा, पण बंगालातल्या त्या आयांना विसरून नव्हे.

दुपारी जुन्या नाशकात थोडं हिंडलो. 21 डिसेंबर 1909च्या रात्री विजयानंद थिएटरात नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा त्याच वर्षी झाली होती. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. जॅक्सन संस्कृत जाणणारा, इथल्या इतिहासावर लिहिणारा माणूस होता, म्हणून त्याला कळवळून आठवणारे लोक आजही भेटतात. त्याची विद्वत्ता खरी होती. पण कविता छापणाऱ्याला काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या राज्याचा तो जिल्ह्यातला हात होता, हेही तितकंच खरं.

तिथून नाशिकरोड. प्रेसच्या आत जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्याने फिरत मी बोलत राहिले. हिंदुस्थानची टपाल तिकिटं आधी लंडनहून छापून यायची. 1920च्या दशकाच्या मध्यात ती इथे छापायला लागले आणि 1928 साली नोटांचा छापखाना सुरू झाला. पंचम जॉर्जचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट इथून निघाली.

आणि मग 1948. पाकिस्तान वेगळा झाला, पण त्याच्याकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. जूनअखेरपर्यंत त्याची मध्यवर्ती बँक म्हणून रिझर्व्ह बँकच काम बघत होती. त्या काळात नाशिकला छापलेल्या, राजाचं चित्र असलेल्या आपल्याच नोटांवर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असं वाढवून पाकिस्तानात चलन चाललं. भाचा रस्त्यातच थांबला. “म्हणजे परवाचं नाणंच की!” मला हेच हवं होतं. जोगलटेंभी इथून फार लांबही नाही.

नेपाळच्या नोटाही 1945पासून दहा वर्षं नाशिकलाच छापल्या जायच्या. आता 2024मध्ये, लिपुलेख, लिंपियाधुरा आणि कालापानी आपल्या हद्दीत दाखवणाऱ्या नकाशासह 100 रुपयांची नोट छापायचं काम नेपाळने चीनच्या सरकारी नोट छपाई कंपनीला दिलं. भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे. पुढची महासत्ता कोण हे फौजेच्या आकड्यांपेक्षा, शेजारचा लहान देश आपली नोट कुठे छापून घेतो यावरून जास्त कळतं. नेपाळला आपण कसे दिसतो, हाही विचार या रस्त्यावर उभं राहून आपण करायला हवा.

सोमवार

हरिहर. शनिवार-रविवारची गर्दी टाळून निरगुडपाड्याहून चढलो. कातळातल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. हात अडकवायला प्रत्येक पायरीला खोबणी. भाचा पुढे, मी मागे, आणि वर बघायचं नाही असं ठरवून दोघंही वर पोचलो. दरवाजातून आत गेलं की कड्याच्या पोटात कोरलेली वाकून चालायची वाट, मग पुन्हा पायऱ्या. माथ्यावर टाकी, मारुती आणि दारूकोठाराची इमारत. समोर भास्करगड, मागे ब्रह्मगिरी, खाली वैतरणेचं पाणी.

कॅप्टन ब्रिग्जने 1818 साली हा किल्ला पाहिला तेव्हा त्याने लिहून ठेवलं की, याच्या चढाची कल्पना शब्दांनी येणार नाही. 200 फूट उभ्या कड्याला लावलेली शिडीच जणू. त्या एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला पडला आणि त्या धास्तीने आसपासच्या 17 किल्ल्यांनी न लढता दारं उघडली. मग इंग्रजांनी किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगांनी उडवल्या. अलंग-मदनला आज दोर लावून चढावं लागतं ते त्यामुळे. हरिहरच्या पायऱ्या मात्र राहिल्या.

पुण्याची दप्तरं मात्र त्यांनी उडवली नाहीत, जपली. कोणाला कुठलं इनाम, कोणत्या गावाचा किती वसूल, हे सगळं त्यात होतं. 1852च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि त्याच कागदांवरून हजारो इनामं तपासून कित्येकांची काढून घेतली. पायरी तोडायची आणि वही ठेवायची, हे इंग्रजी राज्याचं सगळं शहाणपण.

उतरताना पाय लटपटत होते. खाली एका घरी पिठलं-भाकरी मिळाली.

मंगळवार

दिंडोरी. बागेत माल काढणीला आलेला. मांडवाखाली हिरवी सावली, डोक्याशी घड, प्रत्येक घडातले मणी एकसारखे. हे एकसारखेपण आपोआप येत नाही. वहिनी कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवत होती. देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, लावलं तर वरची पांढुरकी लव पुसली जाते आणि युरोपातला ग्राहक माल शिळा समजतो. मजूर बायकांच्या हातांत मोजे, डोक्यावर जाळीच्या टोप्या. दादाने रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून गोडी मोजून दाखवली.

“तुमचं ते साम्राज्य का काय म्हणता,” दादा म्हणाला, “आम्ही रोज बघतो. 2010ला क्लोरमेक्वॅटचं झालं. ते असलेलं लिहोसिन वाढ रोखायला सगळेच मारायचे, वर्षानुवर्षं. आपल्याकडच्या तपासणीत ते नव्हतंच. कंटेनर तिकडं पोचल्यावर युरोपवाल्यांनी सांगितलं, यात अंश सापडला. माल तिकडंच अडकला. कर्ज फेडता फेडता आमची पाच वर्षं गेली.”

मी त्याला म्हटलं, अंश नको हे बरोबरच आहे. तोही म्हणाला, बरोबर आहे, आता आम्हीच मारत नाही, आमचीच पोरं ही द्राक्षं खातात. “पण नियम कधी बदलणार हे आम्हाला कोण विचारतं? ते ठरवणार, आम्ही पाळणार.” यात तक्रारीचा सूर नव्हता. तो नियम लिहिणाऱ्या टेबलावर बसायची जागा मागत होता, आणि ती मागणी मला न्याय्य वाटते.

मग तांबड्या समुद्राचं. नोव्हेंबर 2023पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. साधारण दोन आठवडे जास्त, भाडं वाढलेलं, आणि द्राक्षं नाशवंत. गाझातलं युद्ध, इराण, अमेरिकेची आरमारं, आणि त्याचा हिशेब दिंडोरीतल्या पॅकहाऊसमध्ये. त्याच हंगामात, डिसेंबर 2023मध्ये, आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून लासलगावचा भाव पडला आणि तिकडे बांगलादेशात कांदा महागला. दादाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. लांबची सत्ता आणि आपली सत्ता, त्याच्या वहीत दोघी एकाच बाजूला मांडलेल्या.

वरून एक विमान घरघरत गेलं, ओझरच्या बाजूला. तिथल्या एचएएलच्या सरकारी विमान कारखान्यात आधी मिग-21 बनायचे, मग सुखोई. ऑक्टोबर 2025मध्ये तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. सांगाडा आपला, पण इंजिन अमेरिकेचं, आणि तीच इंजिनं वेळेवर न आल्याने विमानं रखडली. भाच्याने विचारलं, मग आपण महासत्ता होणार का? मी सांगितलं, इंजिन स्वतःचं झालं की त्यावर बोलू. पण त्याहून आधी कखडीची ओळ वाच. ज्या राज्यात शेत पडीक पडतं, त्याच्या घोड्यांनी कितीही समुद्रांचं पाणी प्यालं असेल, मला त्याचं कौतुक नाही.

दुपारी निर्यातदाराचा फोन आला. नेदरलँडचा कंटेनर भरायचा होता, पण तिकडच्या बाजारात दुसऱ्या देशांचा माल जास्त आलाय म्हणे, तेव्हा रशियाला पाठवता का? दादा बांधावर बसून वहिनीशी दराचं बोलायला लागला. रशियाचे पैसे कधी मिळतील, बँकेतून अडकतील का, हे वहिनीने तीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, “अर्धा इकडं, अर्धा तिकडं. सगळा माल एकाच्या दारात नको.”

भाचा तोवर क्रेट उचलायला लागला होता.